पेरियारचं तळं: मोठ्या बोटीतून नाही, तराफ्यावरून आणि पायी

पाणकणीस (धागाकर्ती)

मार्चमध्ये बाबांना घेऊन पेरियारला, म्हणजे थेक्कडीला जाऊन आले. आम्ही दोघंच. केरळच्या सहलींबद्दल इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय, पण त्यात थेक्कडी साधारण चार ओळींत आटपते: बोटिंग केलं, लांबून हत्ती दिसले, वेलदोडे-मिरी घेतली, मुन्नारला निघालो. दहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच करून आले होते. या वेळी चार दिवस राहिलो आणि मागच्या खेपेला आपण काय घालवलं ते कळलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मागच्या वेळची गोष्ट आधी सांगते. दिवाळीची सुट्टी होती. ऐनवेळी एका एजंटाकडून भलत्याच भावाने बोटीची तिकिटं घेतली. दुमजली बोट खचाखच भरलेली, वेफर्सच्या पुड्यांची खसखस, कुणाच्या तरी फोनवर गाणी. एका वळणावर काठावर हत्तींचा कळप दिसला आणि सगळी बोट एका सुरात ओरडली. कळपाने पिल्लाला मध्ये घेतलं आणि सगळे झाडीत शिरले. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिने विचारलं, "आई, ते का गेले?" मला काही उत्तर देता आलं नाही.

हे तळं निसर्गाने केलेलं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेरियार ही केरळातली पश्चिमेकडे वाहणारी नदी. १८९५ साली तिच्यावर मुल्लपेरियार धरण पूर्ण झालं, पाणी मागे चढलं आणि जंगलातल्या दऱ्या भरत गेल्या. त्यामुळे तळ्याला गोल असा आकारच नाही. हाताची बोटं पसरावीत तसं ते टेकड्यांच्या मधून आत आत शिरलंय. क्षेत्र साधारण २६ चौरस किलोमीटर, आणि भोवतीचा व्याघ्र प्रकल्प ९२५ चौरस किलोमीटरचा. पाणी चढलं तेव्हा झाडं तशीच उभी होती. त्यांचे खुंट आजही पाण्यातून वर आलेले दिसतात.

वनखात्याच्या बांबूच्या तराफ्यावरून आम्ही दिवसभर फिरलो. सकाळी निघायचं, थोडं चालायचं, मग तराफा, मग परत थोडं चालणं. एका खेपेला जेमतेम दहा पर्यटक, बरोबर वाटाडे आणि बंदूकधारी वनरक्षक. तराफ्याला इंजिन नाही, वल्ही मारायची. सगळा फरक इथे पडतो. इंजिन नसलं की कानाला बाकीचं सगळं ऐकू यायला लागतं.

एका खुंटाला तराफा अगदी चिकटून गेला म्हणून जवळून बघता आला. साल केव्हाच गेलेली, लाकूड चांदीसारखं करडं, उभ्या भेगा पडलेल्या. भेगांमध्ये माती साठून त्यात चक्क गवताची दोन पाती उगवलेली. वाटाड्याने वल्ह्याचा दांडा हलकेच आपटला तर टणक आवाज आला, दगडावर आपटल्यासारखा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पाण्यात उभं राहून लाकूड असं झालंय. टोकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. आम्ही चार हातांवरून गेलो तरी तो उडाला नाही, नुसती मान वळवून बघत राहिला.

आणि हत्ती. दुपारी एका फाट्यात वाटाड्याने हात वर केला आणि वल्ही थांबली. समोर गवताळ काठावर एक हत्तीण, एक वयात येणारी मादी आणि पिल्लू. मार्चमध्ये पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काठावर कोवळ्या गवताचा हिरवा पट्टा उघडा पडतो आणि प्राणी चरायला खाली येतात. हत्तीण सोंडेने गवताचा झुपका धरायची, पायाने मुळाशी ठोसा मारून तो उपटायची आणि मग गुडघ्यावर आपटायची. एकदा, दोनदा, तीनदा. माती झडली की तोंडात. तो थप् थप् आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. पिल्लाने आईसारखा झुपका धरला, आपटला, आणि सोंडेतून सगळं खाली सांडलं. पुन्हा धरला. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तसेच बसून होतो. तराफ्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

आमचे वाटाडे पन्नाशी उलटलेले होते. बाबा त्यांना पहिल्या तासातच 'चेट्टा' म्हणायला लागले. मल्याळममध्ये मोठ्या भावाला तसं म्हणतात. मोडक्या हिंदीत त्यांनी स्वतःहून सांगितलं, की तरुणपणी ते याच जंगलात चोरून साल काढायचे. वायना म्हणजे रानदालचिनी. झाड सोलून साल बाजारात विकायची, आठवडा आठवडा जंगलात लपून राहायचं, कधी शिकारही करायची. १९९०च्या दशकात इथे परिसर विकासाची योजना आली. वनखात्याने या लोकांवरचे खटले आणि लपाछपी संपवून त्यांनाच राखणीचं आणि पर्यटकांना फिरवण्याचं काम दिलं. "वाट मला तेव्हाही माहीत होती, आताही तीच वाट," असं ते म्हणाले. गव्याचा ताजा माग त्यांना चिखलात ज्या सहजतेने दिसतो, ती नजर पुस्तकं वाचून येणार नाही. आपण दिलेल्या पैशातून या माणसांचं घर चालतं आणि झाडं उभी राहतात. मला तरी तराफा निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं.

काय काय दिसलं: हत्ती दोनदा, गवे, सांबरं, रानडुकरं, पाणमांजरांचं एक कुटुंब (तीन पोरं एका माशासाठी भांडत होती), काळी निलगिरी वानरं, आणि शेकरू. आपल्या भीमाशंकरचा शेकरू तांबूस अंगाचा. इथल्याच्या पाठीवर आणि शेपटीत काळा रंग उतरलेला असतो. पहिल्यांदा मला वाटलं दुसराच कुठला प्राणी आहे.

वाघ दिसला नाही. आम्ही तो शोधायलाही गेलो नव्हतो.

थेंबथेंब

फार सुंदर लिहिलंय ताई. गुडघ्यावर गवत आपटणारी हत्तीण डोळ्यांसमोर आली. जायचं कसं आणि राहायचं कुठे तेवढं सांगाल का? आई-बाबा दोघंही सत्तरीचे आहेत.

पाणकणीस

आम्ही जाताना रेल्वेने गेलो. पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस कोट्टायमला थांबते. प्रवास लांबचा आहे, दीड दिवस धरून चाला, पण बाबांना रेल्वेच हवी होती. कोट्टायमहून कुमळी सुमारे ११० किलोमीटर. थेक्कडीचं गाव म्हणजे कुमळी, केरळ-तामिळनाडूच्या सीमेवर. मुंडक्कयम सोडलं की घाट लागतो, मग पीरमेडचे चहाचे मळे, मग वंडिपेरियार. घाटात आईंना पोटाचा त्रास होत असेल तर लिंबू किंवा आवळासुपारी जवळ ठेवा. येताना कोचीहून विमानाने आलो. कुमळी ते कोची गाडीने पाच तास तरी लागतात.

राहायला कुमळीत साधी घरगुती सोय भरपूर आहे. आम्ही गावाच्या कडेला एका घरात राहिलो, मागे मिरीचे वेल आणि सकाळी इडिअप्पम. आतमध्ये तळ्याकाठी त्रावणकोरच्या महाराजांचा एक जुना वाडाही आहे, आता तिथे सरकारी हॉटेल आहे. आमच्या खिशाला तो झेपणारा नव्हता.

तराफा, पायी भटकंती हे सगळं वनखात्याकडूनच बुक करा, शक्य तितकं आधी. एजंटाच्या नादी लागू नका. खाजगी गाडी धक्क्यापर्यंत जाऊ देत नाहीत, वाहनतळावरून वनखात्याची बस असते. प्लास्टिकला मनाई आहे, स्टीलची बाटली ठेवा.

कोयनाकाठ

लेख आवडला, पण मनातलं बोलतो. पुण्याच्या माणसाने तळं आणि जंगल बघायला इतक्या लांब का जावं? बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं तळं, ओलांडून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला उतरा. दोन्ही बाजूंना तेच घनदाट रान, गवे, अस्वलं, शेकरू. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पश्चिम घाट एकच आहे.

माझ्या आजोबांचं गाव शिवसागरच्या पाण्याखाली गेलं. आजी शेवटपर्यंत त्या पाण्याकडे पाठ करून बसायची. त्यामुळे धरणाच्या तळ्याला कुणी नुसतं 'निसर्गरम्य' म्हटलं की मला आत कुठेतरी टोचतं. तुम्ही खुंटांबद्दल लिहिलंत म्हणून पुढे वाचलं.

पाणकणीस

दादा, आजींबद्दल वाचून गलबलून आलं. तुमचं टोचणं मला समजतं. आमच्याकडे मुळशी धरणाचं उदाहरण आहे. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभारला, तरी गावं गेलीच. ताम्हिणीला जाताना आपण त्याच पाण्याचे फोटो काढतो.

वासोट्याला मी दोनदा गेले आहे. कोयना आधी बघावी हे मला पूर्ण मान्य. पण रान 'तेच' नाही, आणि त्याचं कारण पावसात आहे. आपल्याकडे धो धो पाऊस पडतो, पण सगळा चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने सह्याद्रीतल्या झाडांना कोरडे काढावे लागतात. केरळात नैऋत्येचा पाऊस सरतो न सरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा आणि ईशान्येचा पाऊस येतो. कोरडा काळ आखूड, म्हणून तिथे सदाहरित झाडं उंचच उंच जातात, खोडांना खाली फळीसारखे आधार फुटतात, आणि फांद्यांवर शेवाळ, नेचे, आमरी (ऑर्किड) यांची गर्दी असते. अर्थात तळ्याच्या लगतचं सगळंच जंगल तसं नाही. काठावर गवताळ भाग आहे, पानगळीची झाडं आहेत. खरं काळोखं रान बघायचं तर गवी नावाच्या गावाच्या बाजूला जा. पत्तनमतिट्टा ते कुमळी एस.टी. गवीवरून जंगलातून जाते. तिथल्या वेलदोड्याच्या मळ्यांत श्रीलंकेहून परत आणलेली तमिळ कुटुंबं काम करतात.

गव्याची_वाट

पक्ष्यांसाठी मी तिथे तीन वेळा गेलोय, थोडी भर घालतो. मोठा धनेश (हॉर्नबिल), जो केरळचा राज्यपक्षी आहे, तो दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा आवाज इतका मोठा, की जुनं वाफेचं इंजिन डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. सकाळी उंबराच्या जातीचं एखादं फळांनी लगडलेलं झाड सापडलं तर तिथेच बसा. धनेश, हरियाल, तांबट, शेकरू, वानरं, सगळे पाळीपाळीने येतात. आपण हिंडण्यापेक्षा त्यांना झाडाकडे येऊ द्यावं.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं आणून देतो, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्यासाठी म्हातारं, पोकळ झालेलं झाड लागतं. असं झाड जंगलात तयार व्हायला शंभर-शंभर वर्षं जातात. साल चोरणारे लोक राखणदार झाले याचं मोल मला तिथे उभं राहून कळलं. तिथल्या गावांतल्या बायकांची 'वसंतसेना' २००२ पासून जंगलात गस्त घालते, तीही पगार न घेता. एकदा वाटेत भेटल्या होत्या. साड्यांवर शर्ट घातलेले, हातात कोयते, आणि चालण्याचा वेग असा की मी मागेच राहिलो.

बोटीबद्दल एक कळकळीची विनंती. ज्यांना मोठ्या बोटीतूनच जायचंय त्यांनी जरूर जावं, वयस्कर माणसांना तेच सोयीचं आहे. पण पहिली, सकाळची फेरी घ्या आणि जागेवरून उठू नका. ३० सप्टेंबर २००९ ला याच तळ्यात पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ जण गेले. लाइफ जॅकेट गळ्यात अडकवून फोटो काढू नका, पट्टे आवळून बांधा.

मीरा_वारजे

मुलगा नऊ वर्षांचा आहे, प्राणी-पक्ष्यांचं प्रचंड वेड. पण जळवांची मला स्वतःलाच भयंकर भीती वाटते. पावसाळ्यात स्वस्त पडतं असं नवरा म्हणतोय. जाऊ का?

पाणकणीस

मीरा, पहिल्यांदाच जाताय तर पावसाळ्यात नको. त्या काळात जळवा खूप आणि तळं भरलेलं. पाणी झाडीपर्यंत चढलेलं असलं की काठाचं गवत बुडतं, मग प्राणी कशाला खाली येतील? डिसेंबर ते एप्रिल बरं. एप्रिलमध्ये ऊन असतं, पण प्राणी पाण्यावर हमखास येतात.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड सुती मोजे तिथे देतात, ते पँटवरून चढवून घट्ट बांधायचे. आम्हाला मार्चमध्येही ओढ्याजवळ पाच-सहा भेटल्या. चिकटली तर ओढू नका, ओढलं की जखम राहते. मीठ लावलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. दुखत मात्र अजिबात नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, तो घाबरणार नाही.

त्याला स्वतःची दुर्बीण द्या, साधी असली तरी चालेल. आणि आधी दोन-तीन रविवार घरच्या गच्चीवर किंवा वेताळ टेकडीवर गप्प बसायची सवय करा. खरंच सांगते, अर्धा तास न बोलता बसता येणं हीच तिथली सगळ्यात मोठी तयारी आहे.

जुनी_पेठ

धरणाबद्दल विचारायचं होतं. मुल्लपेरियार धोक्याचं आहे असं अधूनमधून बातम्यांत येतं. तुमचे बाबा पाटबंधारे खात्यात होते असं तुम्ही पूर्वी एका धाग्यावर लिहिलं होतं. त्यांचं काय मत आहे?

पाणकणीस

बाबा शेजारीच बसलेत. ते सांगतात तसं टंकते.

"धरण चुना आणि सुरखी (भाजक्या विटांची पूड) वापरून केलेल्या दगडी बांधकामाचं. त्या काळी सिमेंट सहज मिळत नव्हतं. उंची १७६ फूट. पश्चिमेला समुद्रात जाणारं पाणी डोंगराखालून बोगदा खणून पूर्वेला तामिळनाडूत नेलं, हे त्यातलं खरं धाडस. तेनी, मदुराईच्या कोरड्या भागातली शेती त्या पाण्यावर उभी राहिली. जमीन त्रावणकोरची, म्हणून १८८६ साली करार झाला, ९९९ वर्षांचा. बांधणारे इंजिनिअर जॉन पेनीक्विक. त्यांचा जन्म आपल्या पुण्याचा, १८४१ सालचा. तेनीकडचे शेतकरी आजही पोंगलला त्यांच्या फोटोला हार घालतात. इथे पुण्यात किती जणांना हे नाव माहीत आहे?

"पुढे धरण मजबूत करण्याची कामं झाली. पोलादी दोरखंडांनी पायाशी आवळलं, मागून काँक्रीटचा आधार दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाणी १४२ फुटांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. कागदावरचं हे सगळं मी वाचलंय आणि कामाची मला किंमत आहे. पण १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. पानशेत फुटलं तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेऊन पर्वती चढली. आमच्या शनिवारातल्या घरात परत गेलो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. त्यामुळे धरणाच्या खाली राहणारा माणूस घाबरतो तेव्हा त्याला अडाणी म्हणायचं नाही. आणि तेनीच्या शेतकऱ्याला स्वार्थीही म्हणायचं नाही. दोघांचंही पोट आणि जीव त्याच पाण्यात अडकलाय."

हे बोलून ते गप्प बसले. तराफ्यावरही एकदा असेच गप्प झाले होते. तेव्हा मला वाटलं होतं थकले असतील.

कोयनाकाठ

काकांना माझा नमस्कार सांगा. आजी असती तर तिला हे वाचून दाखवलं असतं.

मीरा_वारजे

जानेवारीचं बुकिंग केलं! तराफा नाही मिळाला, सकाळची पायी भटकंती मिळाली. मुलाने कालपासून गच्चीवर सराव सुरू केलाय. आज अकरा मिनिटं गप्प बसला आणि त्याला टाकीच्या नळाला लटकून पाणी पिणारा शिंजीर दिसला. काका, तुम्ही बघितलेल्या खुंटाला तो हात लावून येणार आहे म्हणे.

पाणकणीस

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतायत, पायी वाटेवरून हात पोचणार नाही, खुंट पाण्यात आहेत. त्याला म्हणावं, दुर्बिणीतून भेगांमधलं गवत शोध. आणि मीरा, जळवांचे मोजे परत द्यायचे असतात, गडबडीत तसेच घालून येऊ नका.